प्रतिसाद: सातारकरांना पुणे मेट्रोचं काय?
'मेट्रो पुण्याची, सातारकरांना काय त्याचं?' असं वर विचारलंय. अहो, आमची एसटी स्वारगेटलाच रिकामी होते ना! २९ सप्टेंबर २०२४ ला जिल्हा न्यायालय ते स्वारगेट भुयारी टप्पा सुरू झाला, तेव्हापासून पिंपरीला मावशीकडे जाताना रिक्षावाल्याशी हुज्जत नाही. वनाजकडे जायचं तर जिल्हा न्यायालयाला गाडी बदला. ते स्थानक जमिनीखाली ३३ मीटर! एका हातात कंदी पेढे, दुसऱ्यात आईचा हात, आणि सरकते जिने संपतच नाहीत. (लिफ्ट आहे, आईच बसत नाही.)

माझा डोळा कात्रजवर आहे. स्वारगेट-कात्रज या साडेपाच किलोमीटरला केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिलीय. ते झालं की तिथेच उतरायचं. घाट उतरल्यावर स्वारगेटपर्यंतच खरा जीव जातो.