सिम्युलेशनला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

प्रश्न: कर्ज मंजुरीच्या प्रोसेसवर मराठीत रिपोर्ट लिहायचाय. सिम्युलेशनला 'अनुकरण' चालेल का?

अनुकरण नको हो. अनुकरण म्हणजे कुणाचं तरी बघून तसंच करणं. इथे कामाची रीत कॉम्प्युटरवर मांडून ती हजारो वेळा चालवून बघतात, आणि दर वेळी कोण कधी येणार, कुणाला किती वेळ लागणार हे बदलत राहतं. अर्थाला 'सदृशीकरण' जवळचा, जड आहे पण चुकीचा नाही.

एक काउंटर घ्या, माणशी सरासरी 5 मिनिटं लागतात आणि तासाला 10 जण येतात. सरासरीने बघितलं तर 50 मिनिटांचं काम, वर 10 मिनिटं मोकळी, मग रांग कशाला लागेल? पण लोक काही ठरवून समान अंतराने येत नाहीत, येण्याची वेळ आणि लागणारा वेळ दोन्ही अनियमित धरले (गणितात नेहमी धरतात तसे) तर रांगेत सरासरी 25 मिनिटं उभं राहावं लागतं, आणि त्याच रांगेला दुसरा काउंटर जोडला की ते येतं साधारण 1 मिनिटावर! एक्सेलमधल्या सरासरीला हे कधीच दिसत नाही, म्हणून तर माणूस वाढवायचा की नाही हे नुसत्या सरासरीवर ठरवू नये असं मला अगदी मनापासून वाटतं.

एवढं साधं असेल तर सूत्राने भागतं, त्याचा पाया डॅनिश गणितज्ञ एर्लांगने 1909 मध्ये कोपनहेगनच्या टेलिफोन कॉल्ससाठी घातला. पण फाइल अपुऱ्या कागदांसाठी परत गेली, साहेब रजेवर, जेवणाची सुट्टी, हे सगळं आलं की सूत्र अपुरं पडतं, तिथे सिम्युलेशन लागतं. आयबीएमच्या जेफ्री गॉर्डनचं जीपीएसएस (सिम्युलेशनसाठीची कॉम्प्युटर भाषा) 1961 मध्ये आलं ते अशाच कामांसाठी.

आणि मॉडेलला, म्हणजे कॉम्प्युटरवर मांडलेल्या कामाच्या रीतीला, 'प्रारूप' लिहू नका, सरकारी मराठीत प्रारूप म्हणजे कच्चा मसुदा, प्रारूप मतदार यादी असते तसा. 'प्रतिमान' लिहा. प्रतिमान बनवतात, सदृशीकरण चालवतात, हा फरक रिपोर्टभर सांभाळा.

प्रश्न: 'आभासी चाचणी' कसं वाटतं?

नको, आभासी म्हटलं की वाचणाऱ्याला आकडेच खोटे वाटतील. 'भाकीत' पण टाळा, उत्तर एका आकड्यात येत नाही. पहिल्यांदा 'सदृशीकरण (सिम्युलेशन)' लिहा, पुढे सरळ सिम्युलेशन. वाक्य असं होईल: 'दोन अधिकारी धरून सिम्युलेशन चालवलं असता बहुतेक वेळा मंजुरी अमुक ते अमुक दिवसांत मिळते.'