‘बॅलन्स’ला मराठीत काय म्हणावं? समतोल, समानता की आणखी काही?

नौपाडाकर:
ठाण्यातले आम्ही चौघे ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन संगणकीय खेळाच्या नवख्या खेळाडूंसाठी मराठीत माहिती लिहितोय. ‘क्लास’ला (पात्राचं लढण्याचं कसब) ‘वर्ग’ म्हटलं की शाळा आठवते, ‘जात’ म्हटलं तर ‘रेस’शी (पात्राचा वंश) गल्लत होते, आणि तो शब्द नकोच. शेवटी ‘पेशा’ ठरवलं. अडलंय ‘बॅलन्स’वर, म्हणजे कुठलाच पेशा बाकीच्यांपेक्षा फार वरचढ होऊ नये, त्यावर. एकाने ‘समानता’ लिहिलंय, ते मला पटत नाही.

ऐरोलीची वाचक:
समानता नकोच. ती हक्कांत असते. मेज (जादूगार) आणि वॉरियर (योद्धा) समान झाले तर निवडायचं कशाला?

जांभळीनाका:
‘समतोल’ घ्या, शब्दातच उत्तर आहे. सम तोल, म्हणजे वजन सारखं. एका पारड्यात तूरडाळ, दुसऱ्यात लोखंडी वजन. तोल जुळला म्हणून डाळीचं लोखंड होत नाही.

आणखी एक शब्द सुचवतो: पासंग. आजोबांचं जांभळी नाक्यावर किराणा दुकान होतं. सकाळी ते तराजू रिकामाच उचलून धरायचे. डावं पारडं जरा वर राहायचं, म्हणून त्याच्या साखळीला तारेचं एक छोटं वेटोळं कायम बांधलेलं असायचं. दांडी सरळ दिसली की मगच पहिलं गिऱ्हाईक. ते वेटोळं म्हणजे पासंग. ‘तो भावाच्या पासंगालाही पुरत नाही’ म्हणतो, तोच हा शब्द. प्रत्येक अपडेटमध्ये पेशांच्या ताकदीचे आकडे थोडे वरखाली करतात, त्याला हाच शोभतो. पण पासंग तराजूला बांधतात, डाळीत खडे मिसळून वजन भरत नाहीत.

नौपाडाकर:
खडे मिसळले जातात तेच तर दुखतं! खेळात अलायन्स आणि होर्ड अशा दोन बाजू. २००४ साली खेळ आला तेव्हा पॅलाडिन हा पेशा फक्त अलायन्सकडे, शामन हा फक्त होर्डकडे. २००७ च्या ‘द बर्निंग क्रुसेड’ या विस्तारात दोन्ही पेशे दोन्हीकडे गेले. ते मी समजू शकतो, कारण दोन्ही बाजूंना सारखी लढाई जुळवून देणं कठीण होतं. पण सगळ्या टोळीचा वेग वाढवणारं ‘ब्लडलस्ट’ ही शामनची खास गोष्ट होती. २०१० च्या ‘कॅटॅक्लिझम’मध्ये मेजला तसंच ‘टाइम वॉर्प’ मिळालं. शामन मिळाला नाही म्हणून टोळीचं अडू नये, हे खरं. तरी आमच्या टोळीने माझ्या शामनऐवजी आणखी एक मेज घेतला, तेव्हा माझ्या हातातलं काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटलं. याला काय म्हणू? ‘ओळख पुसली’?

ऐरोलीची वाचक:
‘पिंड’ म्हणा. ओळख नावाने, कपड्यांनीही होते. पिंड आतला असतो. ‘त्याचा पिंडच लढवय्याचा’ म्हणतो ना आपण.

घणसोली:
‘नर्फ’ला, म्हणजे अपडेटमध्ये एखाद्या पेशाची ताकद कमी करण्याला?

जांभळीनाका:
मऊ फोमच्या खेळण्यांच्या नावावरून आलेला शब्द. ‘बोथट करणे’ चपखल बसतं.

नौपाडाकर:
मग वाक्य असं लिहितोय: ‘या अपडेटमध्ये समतोलासाठी वॉरियरचे वार थोडे बोथट केले आहेत, पेशाचा पिंड तोच आहे.’ ‘पासंग’ला वेगळा परिच्छेद देतो, तारेच्या वेटोळ्यासकट.