मुलीच्या हाती दुकान द्यायचंय, पण ‘बघून शीक’ याच्या पुढे काय करायचं?

खरीपवाला:
तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषध असे तिन्ही परवाने, कामाला चार माणसं. मुलगी बी.एस्सी. अ‍ॅग्री होऊन दोन वर्षं दुकानात बसतेय. हुशार आहे, पण निर्णयाची वेळ आली की माझ्या तोंडाकडे बघते. जो तो म्हणतो, बापाचं बघून पोरं शिकतात. मल्हाररावांनी अहिल्याबाईंना कसं तयार केलं हेही दर व्याख्यानात कानावर पडतं. त्यांनी नेमकं काय केलं आणि त्यातलं दुकानात काय लागू पडतं, एवढंच सांगा. सुविचार नकोत.

दप्तरदार:
मल्हाररावांनी अहिल्याबाईंना लिहिलेलं १७६५ चं एक पत्र पुष्कळ ठिकाणी छापलं जातं. आशय असा: चंबळ ओलांडून ग्वाल्हेरला जा, तिथे चार-पाच दिवस मुक्काम कर, मोठा तोफखाना तिथे ठेव, त्याच्या महिन्याभराच्या खर्चाची सोय लाव आणि पुढे नीघ, वाटेवर बंदोबस्ताला चौक्या बसव. किती नेमकं आहे बघा. ठिकाण सांगितलं, मुदत सांगितली, खर्च किती दिवसांचा तेही सांगितलं. चौकी कुठल्या वळणावर आणि तिथे कोण बसवायचा, हे सुनेवर सोडलं. जबाबदारी दिली ती खर्चाच्या अधिकारासकट.

आणि हे काही पहिल्या वर्षाचं काम नव्हे. अहिल्याबाईंचे पती खंडेराव कुंभेरीच्या वेढ्यात १७५४ मध्ये पडले. म्हणजे पत्राच्या वेळी मधे अकरा वर्षं गेली होती, अहिल्याबाई चाळिशीच्या होत्या. मे १७६६ मध्ये आलमपूरला मल्हारराव गेले, पुढच्याच वर्षी अहिल्याबाईंचा मुलगा मालेरावही गेला. त्यानंतर कारभार अंगावर पडला तेव्हा तोफखान्याची बैलं आणि दारूगोळ्याचा हिशोब बाईंना कुणी नव्याने समजावून द्यावा लागला नाही.

व्याख्यानात सासूबाई मात्र हमखास सुटतात. गौतमाबाईंच्या नावे पेशव्यांनी १७३४ मध्ये खासगीची वेगळी जहागीर दिली होती. १७६१ मध्ये त्या गेल्यावर ती अहिल्याबाईंकडे आली. दौलतीचा पैसा वेगळा, खासगीचा वेगळा. हे वळण सुनेने घरातच पाहिलं, आणि पुढे देवळं-घाट बांधले ते खासगीतून. माझ्या मते तोफखान्यापेक्षा हा धडा मोठा.

गोडाऊन_नं_३:
खासगीवरूनच धरतो. संध्याकाळी भाजीला म्हणून गल्ल्यातून पाचशे काढता ना, त्याची चिठ्ठी टाकता का? नसाल टाकत, तर मुलगी ते रोज बघतेय. हिशोबावर तासभर बोललात तरी तिच्या लक्षात ती नोटच राहील. घरखर्चाला महिन्याची रक्कम ठरवा, एक तारखेला बँकेतून घ्या आणि गल्ल्याला हात लावू नका.

आता काम कसं द्यायचं ते. चार विभागांत थोडं थोडं देऊ नका, एक विभाग अख्खा द्या. माझं मत खताचं: मागणी लावणं, गाडी उतरवून घेणं, ई-पॉस (शेतकऱ्याचा अंगठा घेऊन खतविक्री नोंदवायचं मशीन), वसुली, सगळं तिच्याकडे. सुरुवात फेब्रुवारीत. जूनमध्ये दिलंत तर पहिल्याच गर्दीत तुम्ही मधे उडी घ्याल. उधारीची मर्यादा आकड्यात लिहून द्या. समजा एका खात्याला दहा हजारांपर्यंत तिने एकटीने ठरवायचं, त्यावर दोघांनी.

हे सगळं मोडतं ते काउंटरवर. तिने नाही म्हटलेला गिऱ्हाईक तुमच्याकडे वळून म्हणतो, “काका, तुम्ही सांगा की.” आणि तुम्ही म्हणता, “दे गं, आपलाच माणूस आहे.” तीन महिन्यांची मेहनत त्या एका वाक्यात गेली, आणि चारही नोकरांनी ते ऐकलं. तुमचं उत्तर एकच असावं: “खताचं ताईंना विचारा.” तिचं चुकलं असेल तर शटर पडल्यावर बोला.

युरियाचं पोतं ४५ किलोचं, २६६ रुपये ५० पैशांचं. रोज संध्याकाळी मशीनमधला शिल्लक साठा आणि गोडाऊनमधली पोती तिने स्वतः मोजून जुळवायची. फरक पडतो तो बहुतेक वेळा एकाच कारणाने: गर्दीत कुणीतरी “अंगठा उद्या देतो” म्हणून चार पोती नेतो आणि उद्या येत नाही. तपासणीला ती चार पोती मशीनमध्ये दिसतात, थप्पीत नसतात. तुम्ही स्वतः एकदा जरी “वहीत लिहून ठेव, पाठव” म्हणालात, तर पुढच्या गर्दीत तीही तेच करणार.

खरी परीक्षा जुलैत. युरिया तुटतो, वरून गाडीबरोबर न खपणारा माल गळ्यात मारला जातो, आणि दुकानदार तो शेतकऱ्याच्या गळ्यात मारतो: दोन पोत्यांमागे एक बाटली. लिंकिंगला मनाई आहे हे मुलीला पुस्तकातून ठाऊक आहे. बाप त्या दिवशी काय करतो ते ती बघणार. म्हणून मे महिन्यातच दोघांनी बसून ठरवा: टंचाईत माणशी किती पोती, आणि बरोबर आलेला माल घ्यायचा की गाडीच परत करायची. भावफलकाशेजारी ते लिहून लावा. मेव्हण्यालाही तेवढीच पोती.

मुदत संपलेल्या औषधांचंही असंच. महिन्यातून एकदा रॅक तपासायचा, बाद बाटल्या वेगळ्या कपाटात, वर ‘विक्रीसाठी नाही’ अशी पाटी. त्याच रॅकमध्ये मागे सरकवून ठेवली की सप्टेंबरच्या घाईत नोकर तीच काढून देतो.

माळवा_रिटर्न:
वरचं पटलं, पण होळकरांच्याच घरात पुढे काय अडलं तेही बघा. फौज सेनापती तुकोजी होळकरांकडे, खजिना महेश्वरला अहिल्याबाईंकडे. तुकोजी मोहिमेवरून पैसा मागणार, बाई आधीचा हिशोब मागणार. ही कुरबूर वर्षानुवर्षं चालली. दोघंही आपापल्या जागी खोटे नव्हते, कामाची वाटणीच तशी झाली होती. तुमच्याकडे साठा मुलीकडे आणि उधारी तुमच्याकडे राहिली तर हेच होईल. ती म्हणेल माल भरायला पैसे नाहीत, तुम्ही म्हणाल वसुली चालू आहे.

तिची पदवी आहे तर औषध परवान्यावर पात्र व्यक्ती म्हणून तिचं नाव लावून घ्या. मग औषधाची शिफारस तिनेच करायची, तुम्ही “ते नको, हे ने” म्हणायचं नाही.

खरीपवाला:
मेव्हण्याचं वाचून घरात हसू झालं. चिठ्ठी आजपासून. एकच अडचण: जुनी उधारी. माणसं माझ्या शब्दावर माल घेऊन गेलेली, तिला दाद देणार नाहीत.

गोडाऊन_नं_३:
जुनी तिच्या माथी मारू नका. उधारीची वही ३१ मार्चला बंद करा, एक एप्रिलपासूनची नवी वही तिची, जुनीची वसुली तुम्ही करा. मोठी खाती असतील त्यांच्या बांधावर दोघं जा. बाकी वाचून दाखवा, वहीत सही घ्या आणि यापुढचा माल कुणाच्या शब्दावर मिळेल ते तिच्यासमोरच सांगा. सोयाबीनवाले दिवाळीच्या आसपास मोकळे होतात. कापसाचा पैसा मात्र फेब्रुवारीपर्यंत तुकड्यातुकड्याने येत राहतो, त्या खात्यांना दिवाळीची तारीख लावू नका.