मुंबई ते न्यूयॉर्क साडेसहा तासात? तिकिटाचं गणित कोणी समजावेल का

पिंपरीचा_पोरगा:
बहिणीची डिलिव्हरी आहे म्हणून आईचं जूनमधलं डायरेक्ट फ्लाइटचं तिकीट काढलंय. त्यावर १२ जून रात्री १:३० ला मुंबईहून सुटणार आणि १२ जूनलाच सकाळी ८ ला न्यूयॉर्क, म्हणजे साडेसहा तास?? आणि येताना तिकडून सकाळी ११:३० ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला मुंबई, म्हणजे साडेचोवीस! गूगल अंतर साडेबारा हजार किमी सांगतंय, ताशी ९०० ने गेलं तरी १४ तास होतात. आई एकटी जाणार, सारखी विचारतेय की नक्की किती वेळ बसायचं, काय सांगू?

खिडकीची_सीट:
तिकिटावर ज्या त्या गावचं घड्याळ असतं भाऊ. जूनमध्ये न्यूयॉर्क आपल्या साडेनऊ तास मागे (हिवाळ्यात साडेदहा, ते लोक घड्याळ फिरवतात). जाताना साडेसहात साडेनऊ मिळवा, झाले १६. येताना साडेचोवीसमधून साडेनऊ वजा करा, १५.

पिंपरीचा_पोरगा:
ओके, पण अंतर तेवढंच ना, मग येताना एक तास कमी कसा?

नकाशावेडा:
वारा. १०-१२ किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, जाताना तो समोरून येतो आणि येताना पाठीवर. फेब्रुवारी २०२० मध्ये असल्याच वादळी वाऱ्यावर एक विमान न्यूयॉर्कहून लंडनला पाच तासांच्या आत पोचलं होतं. आणि ते साडेबारा हजार म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून धरला तर जे येतं ते, तो दोरा पार वर आइसलँडच्या जवळून जातो, भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून कळणार नाही. विमान काही दोऱ्यावरून जात नाही, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केली तेव्हा तर अरबी समुद्रावरून वळसा घालून जावं लागायला लागलं. त्यामुळे तुमचं १४ तासांचं गणित कागदावरच.

दोन_नातवांची_आजी:
हे सगळं ठीक आहे, पण १२ तारखेची रात्र दीड म्हणजे ११ च्या रात्री निघायचं हे आईला कोणी सांगितलं का? आमचे एक नातेवाईक जेवूनखाऊन एक दिवस उशिरा विमानतळावर पोचले होते. व्हीलचेअर आधीच सांगून ठेव, चालता येत असलं तरी, म्हणजे इमिग्रेशनपर्यंत सोबत माणूस असतो. शुगर-बीपीच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, आणि कधी घ्यायच्या ते डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून दे, तिकडे सकाळ असली तरी पोटात संध्याकाळ असते.

पिंपरीचा_पोरगा:
आजी, पाया पडतो. पिंपरीहून गाडी १२ ला संध्याकाळी ६ ची सांगितली होती. आत्ताच फोन करून ११ तारखेची केली.