मलेरियाची आरडीके (झटपट तपासणीची किट) पॉझिटिव्ह, स्लाईड (सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघणं) निगेटिव्ह! गरोदर मातेच्या बाबतीत खरं कोणतं मानायचं?

रानवाट
नमस्कार मंडळी, मी गडचिरोलीत एका उपकेंद्रावर एएनएम (परिचारिका) आहे. एक पहिलटकरीण आहे, पाचवा महिना, अंगात कणकण आणि एचबी (हिमोग्लोबिन) ७.८. आशाताईने पाड्यावरच आरडीके लावली, पीएफची (फाल्सिपेरम मलेरियाची) रेघ आली, फिकट होती पण आली. एमओ सरांना (मेडिकल ऑफिसरना) फोन करून त्याच दिवशी मलेरियाच्या गोळ्या सुरू केल्या. स्लाईडपण घेतली होती, ती चार दिवसांनी निगेटिव्ह म्हणून परत आली. आता सासू म्हणते काही निघालंच नाही तर पोटुशी बाईला गोळ्या कशाला चारल्या. मलाच काही सुचेना. किट चुकली की स्लाईड?

जाडथेंब
२२ वर्षं एलटी (लॅब टेक्निशियन) म्हणून स्लाईडच बघतोय त्यामुळे माझं मत थोडं एकतर्फी असेल 😀 ताई, स्लाईड निगेटिव्ह म्हणजे मलेरिया नाही असं नसतं हो. स्लाईडवरच्या रक्ताच्या जाड थेंबाची निदान १०० फील्ड (सूक्ष्मदर्शकात एका वेळी दिसणारा भाग) बघायची असतात, आणि पावसाळ्यात टेबलावर ढीग लागला की कोण किती बघतं ते आम्हाला माहीत. त्यात थेंब नीट वाळलेला नसेल की रक्त धुऊन जातं आणि जंतू पण, आणि जेएसबीचा (स्लाईड रंगवायचा) रंग जुना असेल तर जंतू नीट दिसत नाहीत. रोजच्या कामात एका मायक्रोलिटरला ५० ते १०० जंतू असले तर दिसतात, त्याखाली नशीब. पण स्लाईड जे सांगते ते किट कधीच सांगणार नाही, जंतू किती आहेत, कोणत्या अवस्थेत आहेत, औषधाने कमी होतायत का.

वैद्यबुवा
एलटी साहेबांचं बरोबर आहे पण गरोदरपणात अजून एक भानगड आहे. पीएफचा जंतू शिरलेल्या लाल पेशी वारेला (प्लॅसेंटाला) चिकटून बसतात, तिथे त्यांना धरून ठेवणारा एक पदार्थच असतो, म्हणून वारेत भरपूर आणि बोटाच्या रक्तात जवळपास शून्य असं होऊ शकतं. पहिलटकरणीत जास्त, कारण या प्रकारच्या जंतूशी शरीराची ओळखच झालेली नसते. किट जंतू शोधत नाही, त्याने रक्तात सोडलेलं एचआरपी-२ नावाचं प्रोटीन शोधते, ते वारेतूनही रक्तात येतं. म्हणून स्लाईड कोरी आणि किटवर रेघ, हे अगदी शक्य आहे.
पण ताई एक विचारतो, मागच्या महिना-दीड महिन्यात तिला मलेरियाची गोळी दिली होती का?

रानवाट
सर आत्ताच आशाताईला विचारलं, माहेरी गेली होती तेव्हा ताप येऊन तिकडे "मलेरियाचा कोर्स" झाला होता म्हणे, तीन आठवडे झाले. कार्डावर काहीच नाही 🤦‍♀️

वैद्यबुवा
तिथेच तर गोची आहे. जंतू मेल्यावरही ते प्रोटीन रक्तात काही आठवडे रेंगाळतं, रेघ येत राहते. म्हणजे तुमची फिकट रेघ जुन्या आजाराची सावली असू शकते नाहीतर वारेत लपलेला जंतू, नुसती किट बघून कोणीच सांगू शकणार नाही. पीव्हीच्या (व्हायव्हॅक्स मलेरियाच्या) रेघेला हा त्रास कमी, ती जंतूच्या एलडीएच नावाच्या दुसऱ्या प्रोटीनवर चालते आणि जंतू गेला की ते लवकर उतरतं. तरी अंगात कणकण, एवढं कमी एचबी आणि पहिलटकरीण असताना गोळ्या दिल्या ते मला तरी चूक वाटत नाही.

नवीन_सीएचओ
मग पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी) का नाही करत सरळ? त्यात तर मायक्रोलिटरला एक-दोन जंतू पण सापडतात ना

जाडथेंब
भाऊ, पाड्यावरून नमुना जाऊन रिपोर्ट येईपर्यंत बाई सातव्या महिन्यात जाईल 😅 आणि उपचारानंतर पीसीआर पण काही दिवस पॉझिटिव्ह येऊ शकते. अभ्यासाला ती उत्तम, आज गोळी द्यायची की नाही याला आरडीके आणि स्लाईड दोन्ही बघा. आणि उलटंही होतं बरं, काही जंतूंमध्ये एचआरपी-२ चं जनुकच नसतं, तेव्हा किट कोरी आणि स्लाईडवर जंतू.

वैद्यबुवा
आता परत आरडीके लावू नका, रेघ येणारच. कणकण आली की स्लाईड घ्या, निगेटिव्ह आली तर १२ ते २४ तासांनी परत एक. आणि एचबीचं सगळं खापर मलेरियावर फोडू नका, तुमच्या भागात सिकलसेलची (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) सोल्युबिलिटी चाचणी झालीय का ते आधी बघा.

रानवाट
सोल्युबिलिटी राहिलीय, उद्या एएनसीला (गरोदरपणाच्या तपासणीला) येतेय ती, तेव्हाच करते. आणि कार्डावर माहेरचा कोर्स लाल पेनाने लिहून टाकते. सासूबाईंना मात्र वारेचं कसं समजावू तेवढं सांगा कोणीतरी

जाडथेंब
सांगा, चोर माजघरात लपलाय, अंगणात शोधून कसा सापडेल.

रानवाट
हे चालेल 😂 पण पुढच्या स्लाईडवर तो अंगणात दिसतो का ते स्लाईड आली की सांगते.