बोट टपावर की डिकीत?

ए २०४: नमस्कार मंडळी. जरा वेगळा प्रश्न आहे, ग्रुपवर विचारला तर चालेल ना? मी आणि माझ्या मित्राने मिळून फुगवायची छोटी बोट घेतलीय, मासे धरायला. २.७ मीटर लांब, पट्ट्यांचा तळ, घडी केली की साधारण ३० किलो. रविवारी पहाटे पहिल्यांदाच तलावावर नेणार आहोत. आत्ता ती पार्किंगमध्ये फुगवून ठेवलीय. मित्र म्हणतो तशीच टपावर बांधून नेऊ, तिथे अंधारात पंप मारत बसायला नको. कोणाला अनुभव आहे का?

सेक्रेटरी: अच्छा, ती तुमची होय! दोन दिवस वॉचमनला विचारतोय, दुचाकींच्या जागेत ते काळं काय पसरलंय म्हणून.

ए २०४: सॉरी सर, आज रात्री हलवतो 🙏

सी ६०१: टपावर नको. मी हा उद्योग करून चुकलोय.

ए २०४: काका, तुम्ही?? तुमच्याकडे बोट होती?

सी ६०१: होती म्हणजे काय, दोन झिजवल्या. पहिलीची गोष्ट सांगतो. रात्री घट्ट फुगवली, टपावर पालथी टाकली, मधून दोन पट्टे आवळले. हाताने हलवून पाहिलं, गाडीच हलत होती, इतकी पक्की. पहाटे निघालो. गावाबाहेर मोकळा रस्ता लागला, ७० चा वेग, आणि पट्ट्यांनी भुंग्यासारखा आवाज धरला. मग समोरच्या काचेवर वरून एक काळं नाक डोकवायला लागलं. वर जायचं, खाली यायचं. गाडी बाजूला घेऊन बघतो तर पट्ट्याखाली अख्खा हात जातोय. गाठ जागच्या जागी, बक्कल जागच्या जागी, आणि पट्टा ढिला. मला वाटलं नवी कोरी बोट पंक्चर झाली. दुकानदाराला मनातल्या मनात काय काय बोललो ते इथे लिहीत नाही.

बी ३०२: पंक्चर नसणार काका. हवा गार झाली.

सी ६०१: तेच झालं होतं. पण ते कळायला मला पुढची दोन वर्षं लागली. मास्तर, तुम्ही सांगा नीट.

बी ३०२: अशा बोटीच्या ट्यूबमध्ये साधारण ०.२५ बार हवा भरतात. बार म्हणजे दाबाचं माप. बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ बार, हा आकडा त्याच्या वरचा. म्हणजे आतला खरा दाब १.२५. संध्याकाळी ३० अंशांना भरली आणि पहाटे पारा १० वर आला असं धरा. केल्विनमध्ये (अंशांत २७३ मिळवायचे) ते ३०३ वरून २८३. त्याच प्रमाणात १.२५ चे झाले १.१७. मीटर लावला तर दाखवणार ०.१७. कुठेही भोक नाही आणि बोटीच्या घट्टपणातला तिसरा हिस्सा गायब. ट्यूब बारीक झाली की पट्टा ढिला होणारच.

बी ४०१: सर, हे परीक्षेला आहे का? 😄

बी ३०२: आहे. पुढचा प्रश्न २ गुणांचा: हीच बोट फुगवलेली टपावर ठेवून १००० मीटर उंचीचा रस्ता चढलात तर? बाहेरच्या हवेचा दाब ०.११ बारने कमी होतो, म्हणजे आतला जादा दाब तेवढाच वाढतो. ०.२५ चे ०.३६. त्यात वर ऊन आलं तर शिवणीवर ताण. गार हवेत ढिली, चढावर टाइट, उन्हात अजून टाइट. अशी वस्तू पट्ट्याने बांधून भरवसा कसला ठेवायचा?

ए २०४: बाप रे. पण लोक टपावर नेतात ना? व्हिडिओत पाहिलंय.

सी ६०१: नेतात. अंतर थोडं असेल, वेग कमी असेल तर मीही नेईन. पण मग पट्टे नुसते आडवे नकोत. पुढच्या टोकाची दोरी गाडीच्या पुढच्या ओढायच्या हुकाला आणि मागची मागच्या हुकाला, दोन्ही बांधायच्या. वाऱ्याचा सगळा जोर बोटीच्या नाकाखाली शिरतो, आडवे पट्टे त्याला थांबवत नाहीत. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्यायचा, म्हणजे तो भुणभुणत नाही. खटक्याने आवळायचे ट्रकवाले पट्टे वापरू नका, त्यांचा जोर ट्यूबला सोसत नाही. साधं दाबायचं बक्कल पुरे. आणि निघाल्यावर १० मिनिटांनी थांबून हात घालून बघायचं. आळस केला की माझं झालं ते होतं.

सी ६०१: तुम्ही डिकीतच न्या. मूळ कल्पनाच ती आहे, घडी होते म्हणून तर घेतली ना.

ए २०४: ठीक. डिकीत. घडी कशी घालायची? कारखान्यातून आली तशी आता ती पिशवीत जातच नाहीये.

सी ६०१: कोणाचीच जात नाही. सगळ्या झडपा उघडा. पंपाला हवा ओढून घ्यायचं तोंड असेल, त्याने उरलेली हवा ओढा. नुसतं वर बसून निघत नाही. दोन्ही ट्यूब आत तळावर दुमडा. मग मागच्या लाकडी फळीपासून गुंडाळत पुढे जा, पुढची झडप उघडी ठेवून, म्हणजे राहिलेली हवा तिथून फुस्स निघते. गुडघा ठेवून गुंडाळा, पण काठीसारखी कडक वळी नको. पीव्हीसी गारठ्यात ताठ होतं, कडक दुमडीवरच आधी चीर जाते. फार गार रात्र असेल तर बोट गाडीत ठेवू नका, घरात ठेवा आणि सकाळी उतरवा. थंडगार ताठ बोट ओढून उलगडायची नाही, ती आपोआप सैल पडू द्यायची.

सी ६०१: आणि वाळू! तळाचे पट्टे आणि ट्यूब यांच्या मधल्या खाचेत हाताचं बोट घालून फिरवा. तिथे चार खडे राहिले तर घडीत दाबले जातात, प्रवासभर थरथरतात, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला तिथेच टाचणीएवढं भोक सापडतं. माझ्या दुसऱ्या बोटीची सगळी ठिगळं त्याच रेषेत होती.

बी ४०१: इंजिन पण आहे का तुमच्याकडे? पेट्रोलचं असेल तर पार्किंगमध्ये नको प्लीज.

ए २०४: नाही, बॅटरीची छोटी मोटर. शिसेवाली १०० अँपिअर-अवरची बॅटरी.

बी ३०२: ती जवळजवळ बोटीइतकीच जड, ३० किलोच्या आसपास. उभीच ठेवा, टोकांवर टोपणं घाला, आणि घट्ट अडकवा. अचानक ब्रेक मारला तर ती बोटीवर चालून येईल. गारठ्यात ती थोडी कमीही चालेल, शून्याला साधारण ८० टक्के धरा. परतीला वल्ही बरोबर हवीतच.

सी ६०१: गळ झाकणाच्या कडक डब्यात. घडीचा नांगर पोत्यात गुंडाळून. रॉडची टोकं ट्यूबकडे नकोत. कात्री, पक्कड, सुरी, सगळं डब्यात. रबराच्या बोटीत माणूस सोडून बाकी सगळं टोकदार असतं.

डी १०५: बोटीचं झालं. कपडे काय घालणार आहात?

ए २०४: ताई, जीन्स, जाड हुडी, वर रेनकोट. पुरेल ना? पहाटे १० अंशांच्या आसपास दाखवतायत.

डी १०५: नाही पुरणार, आणि का ते सांगते. तुम्ही घरातून हे सगळं चढवून निघणार. गाडीत गरम. तिथे उतरून ३० किलोची बोट पाण्यापर्यंत ओढणार, मग बॅटरी, मग पंधरा-वीस मिनिटं पंप. हुडी आतून घामाने ओली. मग बोटीत बसणार आणि तीन तास हलायचंही नाही, मासा पळेल म्हणून. सुती कपडा ओला झाला की त्याची ऊब संपते आणि तो लवकर वाळतही नाही. अर्ध्या तासात दात वाजायला लागतील. लोकांना वाटतं पाण्यावर थंडी वाजते. खरं म्हणजे काठावर आलेला घाम पाण्यावर गार होतो.

ए २०४: हे डोक्यातच आलं नव्हतं.

डी १०५: म्हणून अंगभर कपडे घरून घालून जायचेच नाहीत. अंगालगत पातळ लोकरीचं किंवा पॉलिस्टरचं थर्मल, त्यावर एक हलका थर, बस. पंप मारताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. बोट फुगली, सामान चढलं, की आतला बनियन ओला असेल तर बदला, मग फ्लीस, आणि सगळ्यात वर वारा आणि पाणी दोन्ही अडवणारं जॅकेट. जीन्स तर नकोच. बोटीच्या तळातून खालची थंडी थेट बुडाला लागते, त्यासाठी योगाची फोमची चटई कापून खाली घाला.

बी ३०२: वाऱ्याचं मी सांगू का? ५ अंश आणि ताशी ३० किमी वारा असला तर उघड्या चेहऱ्याला शून्य अंशासारखं लागतं.

बी ४०१: आली सरांची भर 😄

ए ५०१: कानटोपी मात्र नक्की घाला हो. अर्धी उष्णता डोक्यातूनच जाते.

बी ३०२: काकू, टोपी घालायला हवीच, पण अर्धी वगैरे जात नाही. डोकं म्हणजे शरीराच्या पृष्ठभागाचा साधारण दहावा भाग, उष्णताही जवळपास तेवढीच जाते. उघडं राहतं म्हणून जास्त जाणवते.

ए ५०१: म्हणजे घालायचीच ना? मग झालं.

सी ६०१: मोज्यांवर मोजे चढवू नका. दोन जाड जोड कोंबले की बूट पाय आवळतो, रक्त फिरत नाही आणि बोटं बधिर. एक चांगला लोकरी मोजा आणि गमबूट एक नंबर मोठा.

ए २०४: हातमोजे घालून गळ कसा बांधायचा?

सी ६०१: निओप्रीनचे मिळतात, अंगठा आणि तर्जनीचं टोक मागे दुमडता येतं. पण ते ओले होणारच, मासा हाताळला की झालं. म्हणून दुसरा कोरडा जोड खिशात, चेनच्या प्लास्टिक पिशवीत.

डी १०५: आता मुख्य मुद्दा. लाइफ जॅकेट कुठे आहे?

ए २०४: आहेत दोन. बोटीबरोबरच घेतली. बॅगेत.

डी १०५: बॅगेत नाही, अंगावर. आणि सगळे कपडे चढवल्यावर त्यांच्या वर घालून पट्टे आजच जुळवून बघा. उन्हाळी टी-शर्टवर जुळवलेलं जॅकेट फ्लीसवर बसत नाही. आपोआप फुगणारं असेल तर ते बंद जॅकेटच्या आत कधीच घालू नका, फुगल्यावर छाती आवळली जाते.

डी १०५: पाणी हवेपेक्षा जवळजवळ २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी स्वतः बर्फाळ पाण्यात उतरून यावर काम केलंय. त्यांचा हिशेब सोपा आहे, १-१०-१. पहिलं १ मिनिट श्वास सांभाळायचं, कारण गार पाण्याने आपसूक मोठा श्वास आत ओढला जातो, आणि तोंड पाण्यात असेल तर पाणीच आत जातं. मग १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात. शुद्ध हरपायला साधारण १ तास लागतो. म्हणजे माणूस गारठून मरायच्या कितीतरी आधी हातपाय चालेनासे होऊन बुडतो. तुमच्या तलावाचं पाणी इतकं गार नसेल, पण १५ अंशांखाली धक्का बसतोच. म्हणून हवेच्या आकड्याबरोबर पाण्याचाही आकडा बघा.

ए २०४: वाचून घाम आला 😅

डी १०५: तोही पुसून घ्या.

बी ४०१: मित्र ‘थोडी’ बरोबर घेणार असेल ना, ऊब यायला?

ए २०४: 🙈 तसं म्हणाला होता.

डी १०५: ती परत आल्यावर. दारूने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम वाटतं आणि आतली उष्णता बाहेर पडते. थर्मासमध्ये काहीतरी गरम न्या.

सी ६०१: कोरड्या कपड्यांचा एक जोड गाडीत ठेवा बरं का.

डी १०५: काका, गाडीत कशाला? पाण्यात पडलेला माणूस जवळच्या काठाला लागणार, गाडी समोरच्या काठाला असली तर? कपडे ड्राय बॅगमध्ये, म्हणजे तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, बोटीतच, दोरीने बांधून.

सी ६०१: हे पटलं. मी इतकी वर्षं गाडीत ठेवत आलो. नशिबाने पडलो नाही.

डी १०५: आणि डिकी भरताना ही कपड्यांची पिशवी सगळ्यात शेवटी टाका. बोटीच्या खाली गेली की तुम्ही ती काढायचा कंटाळा करणार आणि घामाच्या बनियनवर तसेच निघणार. मी गेल्या वर्षी हेच केलं होतं, म्हणून ठासून सांगतेय.

सेक्रेटरी: चर्चा चांगली आहे, पण बोट अजून तिथेच आहे.

ए २०४: निघालो सर खाली, पंप घेऊन.

*रविवार, संध्याकाळ*

ए २०४: पोहोचलो घरी. काठावर फुगवली, पाण्यात घातली आणि दहा मिनिटांत मऊ पडली! मित्र घाबरला, मी त्याला केल्विन समजावून सांगितलं. पाणी हवेपेक्षा गार होतं. परत थोडा पंप मारला, मग शेवटपर्यंत ठीक. बनियन बदलला तेव्हा पिळून निघेल इतका ओला होता. मित्राने बदलला नाही, तो आठ वाजताच परत चला म्हणायला लागला.

बी ३०२: पैकीच्या पैकी 👏 पण एक लक्षात ठेवा, ऊन चढल्यावर बोट काठावर ओढून ठेवलीत तर थोडी हवा सोडायची.

सी ६०१: मासे?

ए २०४: एक, वीतभर. सोडला.

सी ६०१: वाळू काढलीस?

ए २०४: काढतोय काका. तळाच्या पट्ट्यांखालून वाटीभर निघाली, अजून येतेच आहे. सर, बोट ओली आहे, गच्चीवर वाळत घालू का?

सेक्रेटरी: घाला. किल्ली वॉचमनकडे आहे. पाणी जिन्यात नको, आणि उद्या ११ वाजता टाकी धुवायला माणसं येतायत, त्याच्या आत उचला.