मदत हवी आहे: हाडांत पसरलेल्या कर्करोगाच्या वेदना आणि आईने न घेतलेल्या मॉर्फिनच्या गोळ्या

नमस्कार. माझी आई ६८ वर्षांची आहे. स्तनाचा कर्करोग तिच्या कमरेच्या मणक्यात आणि उजव्या खुब्याच्या हाडात पसरला आहे. आम्ही गडहिंग्लज तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो आणि उपचारांसाठी कोल्हापूरला जातो. डॉक्टरांनी तिला १० मिलिग्रॅम मॉर्फिनची गोळी सकाळी ६ पासून दर चार तासांनी आणि रात्री १० वाजता एकदम दोन, अशी लिहून दिली आहे. रात्री मध्येच उठावे लागू नये म्हणून शेवटची मात्रा दुप्पट आहे, हेही त्यांनी नीट समजावून सांगितले होते.

वेदना शून्य ते दहा यांपैकी किती, असे रोज विचारून वहीत लिहायला सांगितले होते. परंतु आई आकडा सांगतच नसे. ‘बरं आहे’ एवढेच म्हणे. मग एके दिवशी तिने स्वतःच तिची मोजणी सुरू केली: ‘सकाळी चार आणे होतं, आता बारा आणे आहे.’ तेव्हापासून आमच्या वहीत आणेच लिहिले जातात. गेले दोन आठवडे रात्री दोनच्या सुमारास सोळा आण्यांची नोंद आहे. गोळ्या चालू असताना असे का व्हावे, ते मला उमगत नव्हते. परवा अंथरूण झटकताना तिच्या उशीच्या अभ्र्यातून सात गोळ्या खाली पडल्या.

विचारल्यावर ती म्हणाली, ‘पुढं जास्त दुखेल तेव्हा लागतील. आत्ताच सवय झाली तर मग कशानं थांबणार?’ थोरले काका घरात सतत ‘ती अफूच आहे’ असे म्हणतात आणि भावोजींच्या शब्दापुढे आई आजवर कधी गेलेली नाही. तिची समजूत कोणत्या शब्दांत घालावी, हा माझा मुख्य प्रश्न आहे. दुसरे असे की, कमरेतला ठणका गोळीने उतरतो, पण उजव्या मांडीतून पोटरीपर्यंत विजेसारखी जी चमक जाते ती गोळीला दाद देत नाही. मणक्यावर एकाच बैठकीत ८ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) किरणोपचार देण्याचेही डॉक्टरांनी सुचवले आहे. एवढा प्रवास तिला सोसवेल का आणि उपयोग होईल का, अशी शंका वाटते. आमच्या तालुक्यातील औषध दुकानांत मॉर्फिन मिळत नाही, त्यामुळे दर पंधरा दिवसांनी मला कोल्हापूरची खेप करावी लागते.

प्रतिसाद:

ताई, मी परिचारिका आहे आणि अनेक वर्षे वेदनाशमन विभागात काम केले आहे. आईंची भीती बहुतेक रुग्णांच्या मनात असते, त्यामुळे त्यांच्यावर रागावू नका. मॉर्फिनला ठरावीक कमाल मात्रा नाही. वेदना वाढल्या तर डॉक्टर मात्रा वाढवू शकतात, म्हणून पुढच्यासाठी शिल्लक ठेवण्याचे कारण नाही. उलट गोळी चुकली की वेदना वर चढते आणि मग ती खाली आणणे अवघड जाते. शरीराला औषधाची सवय होते हे खरे, म्हणून ते एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात. पण ते व्यसन नव्हे. हे काकांनी डॉक्टरांच्या तोंडून ऐकावे, त्यांना पुढच्या भेटीला सोबत न्या.

विजेसारखी चमक ही बहुधा दबलेल्या मज्जातंतूची वेदना असते. तिच्यासाठी गॅबापेंटिन, प्रिगॅबालिन किंवा अमिट्रिप्टिलिन यांसारखे निराळे औषध जोडतात, म्हणून वही दाखवून ते अवश्य विचारा. हाडांतल्या वेदनेवर एका बैठकीतला किरणोपचार अनेक बैठकींइतकाच आराम देतो, मात्र काहींना तो पुन्हा घ्यावा लागतो. गुण यायला दोन ते चार आठवडे लागू शकतात आणि सुरुवातीचे काही दिवस दुखणे वाढूही शकते, त्यामुळे तेव्हा गोळ्या कमी करू नका. पायांतली शक्ती कमी झाली, लघवी अडली किंवा नकळत होऊ लागली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. मज्जारज्जूवर दाब आल्याची ती खूण असते.

आणखी एक विचारते: आईंचे पोट साफ होते का? मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतेच, म्हणून रेचक पहिल्या दिवसापासून द्यावे लागते. पोटाच्या त्रासामुळे गोळी टाळणारे आणि कारण भलतेच सांगणारे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

धागाकर्तीचे उत्तर:

तुमचा प्रतिसाद वाचून आईला एकटीला गाठून विचारले. सहा दिवसांत तिचे पोट साफ झालेले नव्हते आणि घरात पुरुषमंडळी वावरत असताना हे सांगायची तिला लाज वाटत होती. रेचक चिठ्ठीत लिहिलेले होते; दुकानातून तेवढेच आणायचे राहिले होते, आणि ती चूक माझी आहे. डॉक्टरांशी आजच फोनवर बोलले. त्यांनी पोट फुगले आहे का, उलट्या होतात का, हे विचारून औषध सुरू करायला सांगितले आणि सोमवारी बोलावले आहे. काका बरोबर येणार आहेत.

मॉर्फिनच्या पुरवठ्याचा प्रश्न मात्र अजून तसाच आहे. अमली पदार्थविषयक १९८५ च्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यापासून मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मॉर्फिन ठेवणे सोपे झाले आहे, असे वाचले. गडहिंग्लज, आजरा किंवा चंदगड भागात अशी मान्यता असलेले रुग्णालय कोणाला ठाऊक असल्यास कृपया येथे लिहावे.